घाटाखालची कोल्हापूरची बंदरं

गुरुवार, कोल्हापूर

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात समुद्राचा एक देव आहे. ग्रीकांचा पॉसायडन. ब्राँझची मूर्ती, ओंजळीत मावेल एवढी. ज्यानं ती ओतली त्याचा हात कसलेला होता हे सांगायला जाणकार लागत नाही. ही मूर्ती कुणी परदेशातून आणून महाराजांना नजर केलेली नाही. १९४४ साली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती मिळाली आणि तिच्याबरोबर ब्राँझचे आरसे, सुरया, हत्तीवर बसलेले स्वार असा मोठा ठेवाच हाती आला. पुढं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. खाली सातवाहनकाळातलं नांदतं गाव निघालं. विटांची घरं, मणी, नाणी. विळिवायकुर नावाच्या राजाची धनुष्यबाण उमटवलेली शिशाची नाणीसुद्धा याच परिसरातली.

कोल्हापुरापासून समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर. मध्ये सह्याद्री उभा. मग इजिप्त-रोमच्या व्यापारातला माल पंचगंगेच्या काठी आला तो कुठून? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' हे समुद्रमार्गदर्शक आहे. त्यात कल्याण, चौल आणि त्यांच्या दक्षिणेला बंदरांची एक माळच दिलेली आहे. त्यातलं कुठलं नाव आजच्या कुठल्या गावाचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. कुणी एखादं नाव विजयदुर्गला लावतं, कुणी दुसरं राजापूरला. पण तांबड्या समुद्रातून जुलैत निघालेली गलबतं नैर्ऋत्य वाऱ्यावर याच किनाऱ्याला लागत होती, यावर वाद नाही. तिथून पुढं घाट आणि बैलांचे तांडे. तीच वाट धरून खाली उतरायचं आणि ज्या बंदरांच्या जिवावर हे शहर एकेकाळी जगाशी बोलत होतं ती बघून यायचं, असं ठरवून आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझे काका. काकांची हयात गुळाच्या अडतीत गेलेली. माल कुठून कुठं आणि का जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

निघायच्या आधी सकाळी त्यांनी मला मार्केट यार्डात नेलं. गुऱ्हाळं जोरात चालू असल्यामुळं गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या. सौदा सुरू झाला की सगळा घोळका एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर सरकतो. काकांनी एका रव्याचा कोपरा सुरीनं उडवला, चिमटीत धरून उजेडाकडं केला आणि मला दाखवला. कणी मोठी, रंग पिवळाधमक, चिकटपणा नाही. "ह्यो टिकतोय बघ बाळ. असला गूळ घाटाखाली दमट हवंतबी पाझरत न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमचा आज्जा बावड्याच्या घाटानं गाड्या घिऊन जायाचा. जाताना गूळ, तंबाखू. येताना मीठ, नारळ आन् सुक्की मासळी."

या एका वाक्यात दक्षिण कोकणच्या व्यापाराचं अर्धं गणित आलं. घाटावर मीठ पिकत नाही, किनाऱ्याला ऊस आणि कापूस मुबलक नाही. दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं.

शुक्रवार, अणुस्कुरा घाट आणि राजापूर

कळे, बाजारभोगाव करत अणुस्कुरा घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा खाली धुकं होतं. गाडीरस्त्यापासून थोडं बाजूला जुनी फरसबंद वाट आहे. आम्ही थोडं अंतर तिच्यावरून चाललो. दगड उतारावर आडवे बसवलेत, म्हणजे ओझ्याच्या बैलाचा खूर घसरू नये. काही दगडांचे माथे गुळगुळीत झालेत. पाऊस इतक्या नेमक्या जागी झिजवत नाही, ते काम खुरांचं.

या डोंगररांगेतले किल्ले एरवी आपण लढायांसाठी आठवतो. पण विशाळगड, गगनगड ही ठाणी कुठं आहेत हे नकाशावर पाहिलं की लक्षात येतं, ती घाटवाटांच्या डोक्यावर बसलीत. बंदरात उतरलेला माल वर येताना ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात जकात. पन्हाळ्यावर राजधानी असलेल्या शिलाहार भोज राजानं अनेक गड बांधले आणि विजयदुर्गही त्याच्याच नावावर परंपरेनं सांगितला जातो, यात नवल वाटायचं कारण नाही. पन्हाळ्याला बंदराची गरज होती.

घाट उतरून पाचल, ओणी आणि दुपारी राजापूर. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या कुशीत वसलेलं हे गाव समुद्राच्या तोंडापासून बरंच आत आहे. नवख्याला प्रश्न पडतो, हे बंदर कसं? त्याचं उत्तर भरतीत आहे. कोकणातल्या नद्या आखूड, पण खाड्या खोल शिरलेल्या. भरतीचं पाणी गलबताला जिथवर उचलून आत आणतं त्या शेवटच्या जागी व्यापारी गाव वसायचं. त्याच्या पुढं होडी जात नाही आणि त्याच्या अलीकडं बैल येण्याची गरज नाही. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सगळी गावं या एकाच हिशेबानं उभी राहिली. आजचा मुंबई-गोवा महामार्ग जवळपास याच गावांना शिवत जातो, कारण नदी ओलांडायला सोयीची जागाही तीच. आणि पावसाळ्यात पूर पहिल्यांदा याच गावांच्या बाजारपेठेत शिरतो. वरून डोंगराचं पाणी, खालून भरती, मध्ये पेठ. ज्या कारणानं गाव वसलं त्याच कारणानं ते दर काही वर्षांनी पाण्याखाली जातं. पूर आला की बांधकामं, गाळ, झाडतोड यांवर बोललं जातं आणि ते बोलायलाच हवं. पण या पेठा तिथं का आहेत हे कळल्याशिवाय त्यांचं दुखणंही कळणार नाही.

राजापूरचा पन्हाळ्याशी आलेला सर्वांत कडू संबंध १६६० सालचा. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी इथं वखार घातली होती. मिरी, कापड असा माल घ्यायचा, विलायती माल खपवायचा. तिथवर ठीक. पण सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्यानं परक्या देशातल्या लढाईत तोफ डागली. महाराज पन्हाळ्यातून विशाळगडाला निसटले. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर गाठलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. शाळेत आपण पावनखिंड शिकतो, ती शिकायलाच हवी. पण पन्हाळ्यावर पडलेले ते गोळे राजापूरच्या धक्क्याच्या वाटेनं आले होते, हे कोल्हापूरच्या पोरांना सांगितलं जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. बंदर परक्याच्या हातात गेलं तर घाटमाथ्यावरची राजधानीही सुरक्षित राहत नाही, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

गावात जुन्या दगडी इमारती, अरुंद चढउताराचे रस्ते. नदीकाठी उभं राहिलं की पात्रात गोटे आणि गाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत मोठं गलबत येईनासं झालं होतं, तरी अरबांची जहाजं अजून थेट राजापूरच्या बंदराशी व्यवहार करत होती. जिल्ह्यात हा मान तेव्हा राजापूरलाच होता. अलीकडच्या वर्षांत नदीतला गाळ उपसण्याची कामं झालीत, पण ती पुरासाठी. गलबतासाठी आता कुणी उपसणार नाही.

गाळ हे एक कारण. दुसरं कारण घाटावर घडलं. १८८८ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं बहरला. कोल्हापूरसाठी ते फार मोठं काम होतं. पण त्या दिवसापासून कोल्हापूरच्या मालाचं तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडं वळलं. मिरज, पुणे, मुंबई. काका हे ऐकून म्हणाले, "म्हंजी आज्ज्याच्या गाड्या त्यामुळं थांबल्या व्हय." लगेच थांबल्या नसाव्यात, पण हळूहळू थांबल्या.

शनिवार, खारेपाटण

राजापूरहून खारेपाटण जवळच. महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथं चहापुरत्याही थांबत नाहीत. थांबायला हवं.

शुक नदीच्या काठचं हे गाव विजयदुर्गच्या खाडीच्या तोंडापासून सुमारे ४० किलोमीटर आत आहे. इथं एक ताम्रपट मिळाला. शके ९३० चा, म्हणजे १००८ सालचा. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाचं दान त्यात नोंदलं आहे. शिवमंदिराच्या खर्चासाठी काही गावं दिली, आणि त्याबरोबर काय दिलं ते वाचून मी थबकले. परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागं एक धरण. गद्याण आणि धरण ही त्या काळची नाणी. चेमूल्य आणि चंद्रपूर इथल्या जहाजांना मात्र यातून वगळलं. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदर. हजार वर्षांपूर्वीचं बंदराचं दरपत्रक आहे हे. लांबून येणाऱ्याला जास्त, जवळच्याला कमी, मित्राच्या बंदराला माफ. इतकी बारीक आकारणी करावी लागते म्हणजे जहाजं किती ठिकाणांहून येत असतील याचा अंदाज यावा.

हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण शिलालेख-ताम्रपट वाचणारा पहिल्या पिढीतला हा मराठी विद्वान होता, हे फारसं बोललं जात नाही. त्यांचं गाव पोंभुर्ले याच भागात, देवगड तालुक्यात. आपल्याच खाडीकाठचं हजार वर्षांपूर्वीचं दरपत्रक त्यांच्या हातात आलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

बंदराच्या बाजूला एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. भरती इथवर येते का, असं काकांनी विचारलं.

"येता मां. पण गलबत खंय? गाळान सगळी न्हंय भरली."

"पूर्वी येत होती?"

"माझो बापूस सांगा. मी नाय बघूक."

काकांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. आजोबांनी तो तोंडात टाकला आणि मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत तळेरेवरून विजयदुर्ग. वाटेत पोंभुर्ल्याला जांभेकरांच्या स्मारकापाशी थांबलो.

रविवार, विजयदुर्ग आणि गिर्ये

विजयदुर्गचं बंदर बघितलं की राजापूर, खारेपाटण का मागं पडलं ते आपोआप कळतं. खाडीच्या तोंडाशी पाणी खोल आहे, मुखावर वाळूचा पट्टा साचलेला नाही आणि किल्ल्याच्या आडोशाला भर पावसाळ्यातही जहाजाला आसरा मिळतो. पश्चिम किनाऱ्यावर अशी जागा फार थोडी. आतल्या खाड्या गाळानं उथळ होत गेल्या आणि जहाजं मोठी होत गेली, तसा व्यापार तोंडाकडं सरकत आला. पुढं मुंबई-गोवा आगबोटी सुरू झाल्या तेव्हाही त्यांचा थांबा इथंच. जुन्या पिढीतली माणसं आजही 'बोटीनं मुंबई'च्या आठवणी काढतात.

किल्ला तीन तटांचा. पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली एक भिंत आहे, सुमारे १२० मीटर लांबीची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिची पाहणी केली. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून तुळाजी आंग्र्यांवर चालून आली. 'रेस्टोरेशन' नावाचं, आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं जहाज गोळ्यानं पेटलं आणि आग शेजारच्या जहाजांना लागत लागत सगळं आरमार जळून गेलं. आपल्याच एका आरमाराला संपवायला आपण परक्याला हात दिला. पेशव्यांना तुळाजीचा जाच होता हे खरं, त्याची कारणंही होती. तरी बुरुजावर उभं राहून खाडीकडं बघताना हे पचत नाही. पुढं धुळपांनी इथं पेशव्यांचं आरमार पुन्हा उभं केलं, पण गेलेलं बळ पूर्ण परत आलं नाही.

मला मात्र किल्ल्यापेक्षा गिर्येची गोदी बघायची होती. विजयदुर्गपासून खाडीनं थोडं आत, वाघोटणच्या काठाला. ओहोटीची वेळ साधून गेलो. सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद असा हा चौक, काही भाग कातळ फोडून काढलेला, काही बाजूंना दगडी बांध. बांधाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत. मी एका ठिकाणी हात घालून पाहिला. दोन दगडांमधल्या फटीत चिपा ठोकून भरल्यात, त्यांवर शिंपले चिकटलेत आणि भरतीची रेघ कुठवर चढते ते दगडाच्या काळपट रंगावरून दिसतं. तळाशी चिखल. खेकड्यांची बिळं. चिखल कोरडा वाटतो तिथंही पाय घोट्यापर्यंत रुततो.

हिची करामत भरती-ओहोटीच्या हिशेबात आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरलं की जहाजाचा तळ उघडा पडतो. मग शंख-शिंपले खरवडायचे, फळ्या बदलायच्या, सांध्यांत भराव ठोकायचा, तेल-राळ लावायची. लाकडी जहाजाला समुद्रातला किडा पोखरतो. दरवर्षी तळ साफ झाला नाही तर सर्वांत बळकट जहाजही काही वर्षांत निकामी. पंप नाही, यंत्र नाही, चंद्र जे पाणी वर-खाली करतो त्याच्यावर सगळं काम. चारचारशे टनांची जहाजं इथं दुरुस्त होत असं म्हणतात आणि आकार बघता ते पटतं.

एवढी मोलाची जागा, पण गाळानं भरत चालली आहे. किल्ल्यावर येणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर येतात. मला विचाराल तर विजयदुर्गला अर्धाच दिवस असेल तर तो गोदीला द्यावा. तट-बुरुज महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. शिडाच्या जहाजांच्या काळातली अशी गोदी बोटांवर मोजण्याइतकीच.

दुपारनंतर देवगडमार्गे मालवणला.

सोमवार, मालवण

मालवणचा इतिहास कोल्हापूरच्या माणसानं वेगळ्या नजरेनं वाचायला हवा. १६६४ मध्ये महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तिथं राजाराम महाराजांच्या काळात शिवराजेश्वराचं मंदिर झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मंदिराचा सभामंडप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधला. कारण हा किल्ला आणि हे बंदर दीर्घकाळ कोल्हापूरच्या गादीचं होतं. कोल्हापूर हे घाटावरचं संस्थान नव्हतं फक्त. त्याला स्वतःचं आरमार होतं आणि स्वतःचा समुद्र होता.

सकाळी धक्क्यावरून होडीत बसलो. किल्ला समोर दिसतो तरी होडी सरळ जात नाही, वळसे घेत जाते. तांडेल सुकाणू सोडून हातानं दाखवत होता.

"हय सगळे खडप आसत. वर दिसनत नाय. आमका म्हायत, परक्याक नाय."

हेच मालवणचं बळ. पाण्याखालचे खडक ओळखणारा स्थानिक माणूस नसेल तर मोठं जहाज आत येऊ शकत नाही. बचावाला उत्तम, मोठ्या व्यापाराला अडचणीचं. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना बंदर माणसांनी भरलेलं राहायचं तर आधी प्यायच्या पाण्याची सोय लागते. काकांनी साखरबावेत बराच वेळ डोकावून पाहिलं.

या बंदरातून बाहेर पडणारी कोल्हापूरची गलबतं इंग्रजांच्या आणि इतरांच्या व्यापारी जहाजांवर हल्ले करू लागली. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. कोल्हापूरच्या बाजूनं बघितलं तर आपल्या समुद्रात दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, फिरणाऱ्यांना अडवणं हा हक्क होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण लूट हाच आरमाराच्या खर्चाचा मार्ग झाला की हक्क आणि दरोडा यांतली रेघ पुसत जाते, आणि तसंच झालं. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई बघत होत्या. तह करून त्यांनी किल्ला परत मिळवला. तरी तंटा मिटला नाही. अखेर १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानं मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोटासह, इंग्रजांकडं गेलं. त्या दिवशी कोल्हापूरचा समुद्र संपला.

आजचं मालवण मासेमारी आणि पर्यटनावर चालतं. संध्याकाळी ट्रॉलर लागले, टोपल्या उतरल्या, किनाऱ्यावरच भाव पुकारले गेले. काका घोळक्यात घुसले. मासळी त्यांना कळत नाही, पण पुकार कळतो. बाहेर आले ते खुशीत. "हितंबी तसंच," एवढंच म्हणाले.

मंगळवार, करूळ घाट आणि गगनबावडा

परतीला कणकवली, वैभववाडी आणि करूळ घाट. घाटात समोरून ट्रक येत होते, मागून ट्रक चढत होते. चिरा, वाळू, साखर, सिमेंट. बैलांचे तांडे गेले, वाट तीच राहिली.

गगनबावड्याला चहाला थांबलो. ही बावडेकर पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं, तेव्हा गादी कोल्हापूरकर संभाजी महाराजांची. ज्याचा गड घाटाच्या डोक्यावर, त्या माणसानं राजनीतीच्या ग्रंथात आरमाराला स्वतंत्र प्रकरण द्यावं हे योगायोगानं होत नाही. त्यात एक कलम आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये; तसं केलं तर सावकारांना उपद्रव होतो, सावकारी बुडते, आणि बंदरं तर राहिली पाहिजेत. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी खाडीच्या मुखाशी, समुद्रकाठाला जागा देऊ नये, आत द्यावी, असंही ते बजावतात. त्यांचं बळ आरमारात आणि तोफेत आहे हे राजापूरनं दाखवून दिलेलं होतं.

मालवण जायला अजून जवळपास शंभर वर्षं होती. जे होणार ते कोल्हापूरच्याच अमात्यानं आधी लिहून ठेवलं होतं आणि कोल्हापूरनं ते पाळलं नाही. मला या सबंध प्रवासात सर्वांत जास्त लागलं ते हे.

काकांना मी हे सांगितल्यावर ते त्यांच्या धंद्यावर आले. "आमच्यात बी तसंच. अडत्यानं शेतकऱ्याला नाडलं तर दुसऱ्या वर्षी त्यो माल दुसऱ्याच्या दारात टाकतोय. पेठ उठाय येळ लागत न्हाई."

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतलं ओतीव काम आज जगभर जातं. कंटेनर भरून तो माल साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून न्हावा-शेवाला पोचतो, कारण मोठी जहाजं तिथं लागतात. विजयदुर्गला खोल पाणी आहे, पण घाट चढणारी रेल्वे नाही. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग अंदाजपत्रकात येऊनही वर्षं लोटली, रूळ पडलेले नाहीत. हा मार्ग झाला पाहिजे असं मला वाटतं, पण तो प्रवाशांपुरता नको. त्याचं दुसरं टोक खोल पाण्याच्या धक्क्यापर्यंत जायला हवं आणि तिथल्या मच्छीमारांची जागा आणि जाळी सांभाळून जायला हवं. नुसता घाट किंवा नुसतं बंदर यातून पेठ उभी राहिल्याचं उदाहरण या पट्ट्यात मला कुठं दिसलं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अणुस्कुरा घाटात पेट्रोलपंप मिळेल या भरवशावर राहू नका, कोल्हापुरातच टाकी भरा. गिर्येच्या गोदीला जायचं तर आदल्या रात्री विजयदुर्गच्या कुणा मच्छीमाराला ओहोटीची वेळ विचारा. तासाभराचा फरक पडला तरी तळ दिसत नाही. पायात घट्ट चपला असू द्या. सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. खारेपाटणला थांबाच, आणि थांबलात तर बंदराकडं उतरून भरती चढताना बघा, पेठ तिथंच का वसली हे समजायला तेवढं पुरतं.